डोळ्यात भरणारं बांधकाम आणि नजर अडवणारं बांधकाम

कोराडी वीज केंद्राच्या चिमण्या आणि वर्धा रोडवरचा डबलडेकर पूल, दोन्हींबद्दल नागपुरात एकच तक्रार ऐकू येते: देखावा बिघडला. मग वाद उंचीवर घसरतो. किती मजले, किती मीटर, परवानगी कुणी दिली. पण या दोन बांधकामांचा उपद्रव एका जातीचा नाही. चिमणी स्वतः दिसते, तर पूल दुसरं काही दिसू देत नाही.

आधी चिमणी. नागपूरच्या उत्तरेचा मुलूख बराचसा सपाट आहे. त्यामुळे वीज केंद्राच्या चिमण्या आणि त्यांचा धूर मानकापूर, कोराडी रोडकडच्या गच्च्यांवरून सहज दिसतो. हवा साफ असली तर आणखी लांबूनही. पण त्या झाकतात किती? हात समोर ताठ धरा. करंगळीची रुंदी डोळ्याला साधारण १ अंशाची भरते, मूठ १० अंशांची. २०० मीटर उंच चिमणी १० किलोमीटरवरून जेमतेम करंगळीच्या रुंदीएवढी उंच दिसते. तिच्या मागचं आकाश जागेवरच असतं. तरी नजर तिच्यावरच जाऊन थांबते, कारण सगळं आडवं असताना ती एकटी उभी असते. चिमणीच्या धुराचा प्रश्न वेगळा, आणि माझ्या मते देखाव्यापेक्षा मोठा.

जयस्तंभ चौकाजवळचा रामझुलाही याच जातीचा. खांब उंच, पण केबलींच्या मधून आभाळ दिसतं. तो आवडो न आवडो, लक्ष वेधून घेतो एवढं खरं.

आता वर्धा रोड. खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल, त्यावर मेट्रो, आणि वरच्या दोघांचा भार खांबांच्या एकाच रांगेवर. लांबी ३.१४ किलोमीटर; २०२२ मध्ये गिनीज बुकात नोंद झाली, तेव्हा गावभर कौतुक झालं. अभियांत्रिकी म्हणून ते योग्यच होतं. एकाच रांगेत दोन वाहतुकी बसवल्यामुळे जागा वाचली. या रचनेसाठी छत्रपती चौकातला जुना उड्डाणपूल २०१६ मध्ये पाडावा लागला होता. तो एका चौकापुरता होता, नवा मात्र सलग आहे. शिवाय छत्रपती चौक, जयप्रकाश नगर आणि उज्ज्वल नगर ही तीन स्टेशनंही याच पट्ट्यात बसलेली.

उंचीच्या हिशेबात हा पूल कोराडीच्या चिमणीपुढे कुठेच नाही. पण १५ मीटरवर खिडकी असलेल्या माणसाला विचारा. एवढ्या अंतरावरून ३ मीटर जाडीचा काँक्रीटचा पट्टा मुठीहून थोडा जास्तच भरतो, आणि तो खिडकीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. रस्त्यावरून चालणाऱ्याला समोरची बाजू खांबांच्या फटींतूनच दिसते. दुकानाची पाटी, झाडाचा शेंडा, पावसाळ्यात दक्षिणेकडून चढणारे ढग, सगळं तुकड्यातुकड्यांत.

गंमत अशी की वरून हाच पूल देखावा देतो. मेट्रोत बसलं की रस्त्यावरून कधी न दिसलेली झाडी आणि गच्च्या दिसतात. लोकमान्य नगरच्या मार्गावर अंबाझरी तलावाचं पाणीही दिसतं. म्हणजे देखावा नाहीसा झालेला नाही. तो फुटपाथवरच्या माणसाकडून डब्यातल्या माणसाकडे गेला. हे वाईटच, असं मी म्हणणार नाही, पण फुटपाथवाल्याला कुणी विचारलं नव्हतं.

जर्मनीत हे दोन प्रकार वेगवेगळ्या शहरांत घडले. कोलोनच्या कॅथेड्रलसमोर ऱ्हाइन नदीच्या पलीकडच्या काठावर उंच इमारतींचा बेत होता. कॅथेड्रलचा एक दगडही त्यांनी झाकला नसता, पण शहराच्या आकाशरेषेवर त्याला स्पर्धा आली असती. युनेस्कोने २००४ मध्ये कॅथेड्रल धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकलं. शहराने उंची आवरल्यावर २००६ मध्ये ते यादीतून बाहेर आलं. ड्रेस्डेनमध्ये मनोरा वगैरे काहीच नव्हतं, एल्ब नदीवरचा चार पदरी पूल होता. फार उंच नाही, पण नदीकाठच्या मोकळ्या कुरणांना मधोमध छेदणारा. पूल रद्द झाला नाही आणि २००९ मध्ये एल्ब खोऱ्याचा जागतिक वारशाचा दर्जाच गेला. उंची कमी करून सुटणारा हा प्रश्न नव्हता. प्रश्न जागेचा होता.

एक तिसरी गोष्ट या दोन्हींच्या मध्ये पडते. लंडनच्या रिचमंड पार्कमधल्या एका टेकाडावरून सुमारे १६ किलोमीटरवरचा सेंट पॉल्सचा घुमट दिसतो आणि हा देखावा नियमाने राखलेला आहे. २०१६ मध्ये घुमटाच्या मागे, आणखी काही किलोमीटर पलीकडच्या स्ट्रॅटफर्डमध्ये, एक टॉवर उभा राहिला. घुमट अजूनही पूर्ण दिसतो. पण मागचं मोकळं आभाळ गेलं आणि त्याची कडा बुजली. नागपुरात दीक्षाभूमीच्या स्तूपाला हाच धोका आहे. स्तूपासमोर कुणी बांधकाम करणार नाही, ते सगळ्यांना कळतं. घुमटाची पांढरी कमान उठून दिसते ती मागच्या आभाळामुळे, आणि त्या आभाळाचा विचार सहसा कुणी करत नाही.

विमानतळाची उंचीमर्यादा आहे ना, असं यावर हटकून सांगितलं जातं. ती विमानांच्या सुरक्षेसाठी आहे. मर्यादेत राहूनही एखादी इमारत किंवा पूल सीताबर्डीच्या किल्ल्याची टेकडी समोरून झाकू शकतो.

उपायांतही हीच गल्लत होते. डोळ्यात भरणाऱ्या बांधकामाला रंग, आकार, सडपातळपणा यांनी बरंच सौम्य करता येतं. अडवणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. खांबावर वारली चित्रं काढली की खांब सुंदर होतो, मागचा रस्ता दिसत नाही तो नाहीच. तिथे मार्ग कुठून न्यायचा आणि खांबांत अंतर किती ठेवायचं, हे आराखडा पक्का होण्याआधीच ठरवावं लागतं.

तेव्हा नव्या पुलाचं संगणकचित्र जाहीर झालं की ते कुठून काढलंय ते आधी बघा. बहुतेकदा आकाशातून काढलेलं असतं. तिथून कोणताही पूल देखणाच. जमिनीपासून दीड मीटरवरून, चौकाचं नाव घालून आणि आज तिथून काय दिसतं त्याचा फोटो शेजारी ठेवून काढलेलं चित्र मागायला हवं, आणि तेही हरकती घ्यायची मुदत संपण्याआधी.