अंड्यांच्या ट्रेने खोली साउंडप्रूफ होत नाही
साउंड रेकॉर्डिंग शिकायला लागलेल्या पोराला कुणीतरी हमखास सांगतं: भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटव, बाहेरचा आवाज बंद. होत नाही. ट्रे दिसतो स्टुडिओतल्या फोमसारखा, एवढंच. आवाज अडवायला वजन लागतं, फटी बुजवाव्या लागतात; हा तर हलका पुठ्ठा. फार तर बारीक, तीक्ष्ण आवाज थोडे विखुरतात. १०० हर्ट्झच्या, म्हणजे खर्जातल्या जाड आवाजाची एक लाट सुमारे ३.४ मीटर लांब, तिला बोटभर खळगा काय जाणवणार? शिवाय पुठ्ठा पेट घेतो. आधी दाराखालची फट रबरी पट्टीने बुजवा. खोलीतला घुमारा ही वेगळीच भानगड. त्याला जाड गोधडी बरी. कपड्यांच्या कपाटात तोंड घालून केलेला व्हॉइसओव्हर ऐकलाय मी, झकास होता.