चरा की क्रेझिंग? जुनी अ‍ॅक्रिलिक टाकी घेताना

‘नुसते चरे आहेत साहेब, पॉलिश मारलं की जातील.’ जुनी अ‍ॅक्रिलिकची फिशटँक विकणारा हे म्हणतोच, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. पंचाईत अशी, की चऱ्यांसारखीच दिसणारी आणखी एक गोष्ट अ‍ॅक्रिलिकवर येते. तिला क्रेझिंग म्हणतात, आणि ती पॉलिशला दाद देत नाही.

चरा बाहेरून पडतो. अ‍ॅक्रिलिक काचेपेक्षा फार मऊ, त्यामुळे शेवाळ काढायच्या चुंबकात वाळूचा एक कण अडकला तरी पुरे. म्हणून चऱ्यांमध्ये माणसाचा हात दिसतो: कमानी, आडवेतिडवे फटकारे. खोल चऱ्यात नख अडकतं. त्यावर ओलं बोट फिरवलं की तो फिका पडतो, कारण अ‍ॅक्रिलिकचा अपवर्तनांक १.४९, पाण्याचा १.३३ आणि हवेचा १. चऱ्यात हवेऐवजी पाणी बसलं की प्रकाश कमी वाकतो. आतले बरेच चरे टाकी भरल्यावर दिसतही नाहीत. उरलेले ६०० नंबरच्या वॉटर पेपरपासून २००० पर्यंत चढत जाऊन, मग पॉलिश करून काढता येतात. खांदे भरून येतात, एवढंच.

क्रेझिंग मात्र ताणातून येतं. शीट आधीच ताणाखाली असते. तिला स्पिरिट, थिनर किंवा अमोनियावाला काच पुसायचा स्प्रे लागला, की पृष्ठभागावर केसाहून बारीक भेगा उघडतात. या भेगा आखूड, एकमेकींना समांतर, आणि बहुधा जोडाजवळ, पाइपच्या भोकाभोवती किंवा कोपऱ्यात. समोरून पाहिलं तर शीट स्वच्छ वाटते. टॉर्च कडेने तिरका धरला की जरीसारखी चमकते. नख अडकत नाही, म्हणून गिऱ्हाईक निर्धास्त होतं. नेमकं उलटं हवं! घासायला गेलात तर भेग खाली उरतेच, शीट तेवढी पातळ होते.

वर्षानुवर्षं गच्चीवर रिकामी पडलेली टाकी मला म्हणूनच नको वाटते. अ‍ॅक्रिलिक थोडं पाणी शोषतं. वाळताना पृष्ठभाग आकसतो आणि ताण वाढतो. बर्लिनमधली अ‍ॅक्वाडोम ही सुमारे दहा लाख लिटरची अ‍ॅक्रिलिक टाकी १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे फुटली. तपासात एकच ठाम कारण हाती लागलं नाही, पण ज्या शक्यता पुढे आल्या त्यांत दुरुस्तीसाठी रिकामी असताना अ‍ॅक्रिलिक वाळलं असावं, हीही होती.

घरच्या टाकीचा हिशेब लहान, पण दुर्लक्ष करण्याजोगा नाही. १२० सेंटीमीटर लांब आणि ६० सेंटीमीटर उंच टाकी काठोकाठ भरली, की समोरच्या शीटवर पाण्याचा एकूण रेटा साधारण २१६ किलो वजनाइतका येतो. हा रेटा शीटला बाहेर फुगवू पाहतो, आणि वरची आडवी पट्टी तिला धरून ठेवते. त्या पट्टीला आरपार तडा असेल तर पुढचं काही तपासू नका, तशी टाकी घेऊच नका. जोडातले एक-दोन बुडबुडे मात्र चालतात. बुडबुड्यांची सलग ओळ नको.

विकणारा पाणी भरून दाखवायला तयार असेल तर उत्तम. पण तासाभरात गळली नाही, याचा अर्थ एवढाच की तासाभरात गळली नाही. ताणाखालची भेग हळूहळू वाढते. घरी आणल्यावर बाहेर, सपाट आणि सगळा तळ टेकेल अशा जागी, पाव-पाव टाकी करत भरा, आठवडाभर तशीच ठेवा आणि रोज टॉर्च मारून त्याच रेषा बघा.

क्रेझिंग जोडापासून लांब, एखाद्याच जागी असेल आणि किंमत पडेल ती असेल, तर एक सोय आहे. पाणी निम्म्या उंचीपर्यंतच ठेवलं, तर रेटा निम्मा नाही, पाव होतो: २१६ चे ५४ किलो. वरच्या अर्ध्या भागात नेचे आणि मॉस लावा. मोठे मासे पाळायचे असतील, तर चऱ्यांनी भरलेली दुसरी टाकी शोधा.