द्रुपल

अनेक सदस्य लिहितात आणि एकमेकांच्या लेखनावर चर्चा करतात, अशी संकेतस्थळे उभारण्यासाठी वापरली जाणारी मुक्तस्रोत आशय-व्यवस्थापन प्रणाली. ती पीएचपी भाषेत लिहिलेली असून जीपीएल या मुक्त वापराच्या परवान्याखाली मोफत मिळते. मजकूर बहुधा मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी या माहितीसाठा-प्रणालींमध्ये साठवला जातो.

उगम : बेल्जियममधील अँटवर्प विद्यापीठात शिकत असताना ड्रिस बायटार्ट आणि हान्स स्नायडर यांनी वसतिगृहातील मित्रांत इंटरनेटची एक जोडणी वाटून घेतली आणि निरोपांसाठी छोटा सूचनाफलक तयार केला. हा काळ साधारणतः २००० चा. काही ठिकाणी हीच द्रुपलची सुरुवात मानतात. मात्र तो फलक निनावी होता आणि त्या मंडळींपुरताच होता. पुढे तो ड्रॉप.ऑर्ग या नावाने इंटरनेटवर आला आणि १५ जानेवारी २००१ रोजी त्यामागची आज्ञावली सर्वांसाठी खुली झाली. मुक्तस्रोत प्रकल्प म्हणून हीच तारीख धरणे अधिक सयुक्तिक. अमेरिकेत २००३ मध्ये अध्यक्षपदाचे इच्छुक हॉवर्ड डीन यांच्या प्रचारात कार्यकर्त्यांनी द्रुपल वापरले, तेव्हा त्याकडे बरेच लक्ष वेधले गेले.

रचना : लेख, कविता, पाककृती अशा प्रत्येक स्वतंत्र मजकुराला ‘नोड’ म्हणतात व त्याला क्रमांक मिळतो. मायबोली, मनोगत, मिसळपाव या मराठी संकेतस्थळांच्या पत्त्यांत दिसणारा नोड क्रमांक तोच. मायबोली १९९६ पासूनची, म्हणजे द्रुपलहून जुनी. ती या प्रणालीवर नंतर आली.

प्रतिसादांची उतरंड हा द्रुपलचा खास भाग. प्रत्येक प्रतिसादासोबत एक स्थानदर्शक ओळ साठवली जाते. पहिला प्रतिसाद ‘०१/’, त्याला आलेले पहिले उत्तर ‘०१.००/’, दुसरे ‘०१.०१/’. या ओळी नुसत्या अक्षरक्रमाने लावल्या की पूर्ण चर्चा योग्य जागी मांडली जाते. उत्तराचे उत्तर शोधत वारंवार माहितीसाठ्यात जावे लागत नाही. आकडे ३६ चिन्हांच्या पद्धतीत लिहितात आणि सुरुवातीचे चिन्ह पुढे किती जादा स्थाने आहेत ते सांगते. ते नसते तर अक्षरक्रमात १० हा २ च्या आधी आला असता. शेवटची तिरकी रेघही निरर्थक नाही : नवा प्रतिसाद वर दाखवताना तिच्यामुळेच मूळ प्रतिसाद त्याच्या उत्तरांच्या आधी येतो. संपादकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मधला प्रतिसाद काढून टाकला की त्याखालची सगळी उत्तरेही जातात. म्हणून आक्षेपार्ह प्रतिसाद पुसू नये, अप्रकाशित करावा.

देवनागरीसंबंधी : अंगभूत शोधात किमान शब्दलांबी मुळात ३ वर्णांची असते. ‘घर’, ‘मन’, ‘आई’ हे शब्द २ वर्णांत बसतात, म्हणून ते शोधाच्या सूचीत येतच नाहीत. मर्यादा २ करून पुन्हा सूची तयार होऊ द्यावी. दर क्रॉन (ठरावीक वेळाने आपोआप चालणारी कामे) फेरीत मुळात १०० नोंदीच सूचीत चढतात, त्यामुळे जुन्या मोठ्या संकेतस्थळाला वेळ लागतो. देवनागरीचा प्रत्येक वर्ण यूटीएफ-८ या अक्षर-संकेतनात ३ बाइट घेतो आणि मायएसक्यूएलच्या जुन्या ‘यूटीएफ८’ तक्त्यात मावतो. भावचिन्हे सहसा ४ बाइटची. तिथे एक हसरा चेहरा टाकला तरी अख्खा लेख जतन न होता त्रुटी येऊ शकते. उपाय : तक्ते ‘यूटीएफ८एमबी४’ मध्ये बदलणे. आवृत्ती ७.५० पासून ही सोय आहे, ८ पासून तीच मूळ मांडणी आहे.

सुरक्षा व देखभाल : निनावी वाचक किंवा नवा सदस्य यांना पूर्ण एचटीएमएल (वेबपानांची खूणभाषा) लिहिण्याची मुभा देऊ नये, त्यातून घातक स्क्रिप्ट इतरांच्या ब्राउझरमध्ये चालते. अद्ययावत करण्याआधी माहितीसाठा आणि चढवलेल्या फायली या दोन्हींची प्रत घ्यावी, संकेतस्थळ देखभाल स्थितीत न्यावे, नवी आज्ञावली बसवावी, मग माहितीसाठ्याचे बदल चालवून कॅशे (तात्पुरता साठा) रिकामा करावा. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी जाहीर झालेल्या आवृत्ती ७ मधील त्रुटीवर ७ तासांत उपाय न केलेली संकेतस्थळे फोडली गेली असेच समजावे, असा इशारा द्रुपलच्या सुरक्षा गटाने दिला होता. घुसखोराने चोरवाट ठेवली असेल तर नुसत्या अद्ययावतीकरणाने ती जात नाही, त्या तारखेआधीची प्रतच बसवावी लागते.

आवृत्ती ८ (२०१५) सिम्फनी या पीएचपी चौकटीच्या घटकांवर नव्याने बांधली गेली. जुनी मोड्यूले (जादा सोयी देणारे जोडभाग) तिच्यात चालत नाहीत. हा बदल न रुचलेल्यांनी ‘बॅकड्रॉप’ ही शाखा काढली. आवृत्ती ७ चा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. तिच्यावरून पुढे जाताना मजकूर, सदस्य आणि प्रतिसाद स्थलांतरित करता येतात. थीम (दर्शनी मांडणी) आणि स्वतः लिहिलेली मोड्यूले मात्र नव्याने लिहावी लागतात.