नोव्हेंबरचा तिसरा रविवार: रस्त्यावर गेलेल्यांचं स्मरण आणि त्यातून आलेले नियम

नोव्हेंबरचा तिसरा रविवार हा रस्ते अपघातांत जीव गमावलेल्यांचा जागतिक स्मृतिदिन. आपल्याकडे जानेवारीतलं रस्ता सुरक्षा अभियान सगळ्यांना ठाऊक असतं. शाळांमधल्या चित्रकला स्पर्धा, हेल्मेट रॅली, चौकात गुलाबाचं फूल देणारे वाहतूक पोलीस असं त्याचं रूप असतं. नोव्हेंबरच्या या दिवसाची मात्र फारशी दखल घेतली जात नाही. माझ्या मते हे दोन्ही एकाच कामाचे भाग आहेत. आज ज्यांना आपण वाहतुकीचे नियम म्हणतो, त्यातले बरेचसे कुणाच्या तरी घरच्यांनी ‘नशिबात होतं’ हे उत्तर नाकारलं म्हणून झाले.

या दिवसाची सुरुवातच तशी आहे. १९९० मध्ये ब्रिटनमधल्या ब्रिजिट चौधरी यांचा तरुण मुलगा लाल सिग्नल तोडून आलेल्या गाडीच्या धडकेत गेला. कायद्याच्या लेखी ही वाहतुकीच्या नियमाची किरकोळ मोडतोड ठरली आणि चालक दंड भरून सुटला. ज्यांचं माणूस गेलं त्यांच्याशी बोलायला, पुढे काय होणार हे सांगायला कुणीच नव्हतं. म्हणून १९९२ मध्ये त्यांनी ‘रोडपीस’ ही संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, पहिला स्मृतिदिन पाळला. युरोपातल्या पीडित कुटुंबांच्या संघटनांनी तो उचलून धरला. २६ ऑक्टोबर २००५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव करून त्याला जागतिक मान्यता दिली.

त्याआधी जवळजवळ शंभर वर्षं, मोटार आली म्हणजे माणसं मरणारच, असं गृहीत धरलं जात होतं. १७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनमधल्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही बाई मोटारीखाली गेली. मोटारीच्या धडकेत मरण आलेली ती ब्रिटनमधली पहिली पादचारी. गाडीचा वेग आजच्या सायकलपेक्षा फार नव्हता. चौकशीत अपघाती मृत्यू असा निर्णय झाला. असं पुन्हा कधी घडू नये, अशी आशा चौकशी अधिकाऱ्याने तेव्हा व्यक्त केल्याचं सांगतात. अमेरिकेत १९२०च्या दशकात मोटारींनी इतकी मुलं चिरडली गेली की शहरांमधून शोकयात्रा निघाल्या. बाल्टिमोरमध्ये १९२२ साली अपघातात गेलेल्या मुलांसाठी स्मारक उभं राहिलं. नंतर मोटार घरोघरी आली आणि ही स्मारकं विसरली गेली. दोष हळूहळू रस्ता ओलांडणाऱ्याकडे सरकला.

तो दोष परत जागेवर आणण्याचं काम १९७०च्या दशकात नेदरलँड्समधल्या आईवडिलांनी केलं. १९७१ मध्ये तिथे सुमारे ३,३०० माणसं रस्त्यावर मेली आणि त्यात चारशेहून जास्त मुलं होती. शाळेत जाणारी मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने लेख लिहिला. ‘मुलांच्या हत्या थांबवा’ हे त्याचं शीर्षकच पुढे चळवळीचं नाव झालं. लोकांनी रस्ते अडवले, खेळायला गल्ल्या मागितल्या. आज त्या देशातले सायकलचे वेगळे मार्ग आणि वस्त्यांमधली वेगमर्यादा दिसते, त्यामागे १९७३ चं तेलसंकट आहे तसाच या आईबापांचा रेटाही आहे.

बाकी टप्पे थोडक्यात सांगतो. व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये तीन ठिकाणी अडकणारा सीटबेल्ट तयार केला आणि कंपनीने तो इतर उत्पादकांनाही खुला केला. तरी लोक तो लावायला तयार नव्हते. १९७० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने तो सक्तीचा केला. ब्रिटनने १९६७ मध्ये चालकाची श्वास तपासणी सुरू केली, तेव्हा वाहतूकमंत्री बार्बरा कॅसल यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. १९९७ मध्ये स्वीडनच्या संसदेने एक तत्त्व मान्य केलं: माणूस चुकणारच, पण त्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये आणि रस्ता तसा बांधणं ही रस्ता बांधणाऱ्याची जबाबदारी आहे. पुढच्या सगळ्या चर्चेची दिशा या तत्त्वाने बदलली.

भारतात पहिला देशव्यापी मोटार कायदा १९१४ चा. त्यानंतर १९३९ आणि १९८८ चे कायदे आले. पण निष्काळजीपणे जीव घेतल्याबद्दल जे कलम लागायचं, ते भारतीय दंड विधानातलं ३०४-अ, १८७० साली घातलेलं होतं. तेव्हा मोटार जन्माला यायची होती. त्यातली जास्तीत जास्त शिक्षा दोन वर्षांची. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ती पाच वर्षांपर्यंत वाढली. धडक देऊन पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूदही संहितेत आहे. पण जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी देशभर चाकं थांबवली आणि ती तरतूद लागू करणं लांबणीवर पडलं.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर हा सगळा इतिहास एकाच रस्त्यावर वाचता येतो, तो म्हणजे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग. कळंबोली ते किवळे, सुमारे ९४ किलोमीटर, सहा पदरी आणि देशातला अशा प्रकारचा पहिला. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या रस्ते विकास महामंडळाने तो बांधला आणि २००२ पर्यंत तो पूर्ण खुला झाला. जुन्या घाटरस्त्यावर चार-पाच तास खाणारा प्रवास दोन-अडीच तासांवर आला, याचा अभिमान आपल्या सर्वांना वाटला आणि तो रास्तच होता. पण शंभरच्या वेगाने तासन् तास चालवायची सवय ना चालकांना होती, ना गाड्यांच्या टायरांना. मार्ग पूर्ण व्हायच्या आधीच, १२ फेब्रुवारी २००१ रोजी, अभिनेत्री भक्ती बर्वे भाताण बोगद्याजवळच्या अपघातात गेल्या. २३ डिसेंबर २०१२ रोजी अभिनेते आनंद अभ्यंकर, अक्षय पेंडसे आणि पेंडसे यांचा लहानगा मुलगा गेला. ऑगस्ट २०२२ मध्ये राजकीय नेते विनायक मेटे गेले. प्रत्येक वेळी राज्य हळहळलं, श्रद्धांजलीचे रकाने भरले. रस्त्यावर त्या ठिकाणी काय बदलायला हवं, हा प्रश्न मात्र आठवडाभरात मागे पडायचा.

हे चित्र बदलण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न २०१६ मध्ये सुरू झाला. त्या वर्षी या मार्गावर १५१ जण मेले. जूनमध्ये पनवेलजवळ एका बसने कडेला थांबलेल्या दोन गाड्यांना उडवलं आणि १७ जणांचा जीव गेला. त्यातली एक गाडी टायर पंक्चर झाल्यामुळे थांबली होती. त्याच वर्षी रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस, रस्ता सुरक्षेवर काम करणारी ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’ ही संस्था आणि महिंद्रा यांनी ‘शून्य मृत्यू मार्ग’ हा प्रकल्प हाती घेतला. पद्धत साधी, पण आपल्याकडे नवी होती. जीवघेण्या अपघाताच्या जागी जायचं, मोजमाप घ्यायचं आणि चालकाची चूक लिहून न थांबता तो माणूस मेला कशामुळे हेही शोधायचं. कठड्याचं उघडं टोक गाडीत घुसलं का? दुभाजक ओलांडून गाडी समोरच्या मार्गिकेत गेली का? कडेला अंधारात ट्रक उभा होता का? दुभाजकावर तारांचे दोर लागले, कठड्यांची टोकं झाकली गेली, उभ्या वाहनांवर कारवाई सुरू झाली. खंडाळ्याजवळच्या अमृतांजन पुलाचे खांब थेट मार्गात येत होते आणि तिथे वळणही अवघड होतं. तो ब्रिटिशकालीन पूल एप्रिल २०२०च्या टाळेबंदीत पाडला गेला. मृत्यूंचा आकडा पुढच्या वर्षांत बराच खाली आला. अधूनमधून तो वरही गेला, पण २०१६ ची पातळी पुन्हा सामान्य वाटू लागली नाही. जुलै २०२४ पासून कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा वेग आणि मार्गिका तोडणं टिपते.

बोरघाटाचं वेगळं सांगायला हवं. लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना डिझेल वाचवायला काही अवजड गाड्यांचे चालक गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात. मग इंजिनाचा अटकाव राहत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि नेमक्या शेवटच्या उतारावर लागेनासे होतात. दुसऱ्या दिवशी बातमीत ‘ब्रेक निकामी झाल्याने’ एवढंच छापून येतं. त्या बातमीतला चालक अनेकदा रात्रभर न झोपलेला, खेपांवर पैसे मिळणारा माणूस असतो. त्यालाच खलनायक करून हा प्रश्न सुटणार नाही. मालकाने दिलेली वेळ आणि चालकाला मिळालेली विश्रांती यांचाही हिशेब त्यात हवा.

आणि वेग. ‘अति घाई संकटात नेई’ हे घाटाघाटात रंगवलेलं वाक्य आपण इतक्या वेळा वाचलंय की ते आता दिसतच नाही. म्हणून आकडेच मांडतो. ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर पुढे जाते. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तरी ४२ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यावर थांबायला आणखी पंचावन्नच्या आसपास. म्हणजे एकूण साधारण ९७ मीटर. तीच गाडी १२० ने असेल तर १३० मीटर लागतात. शंभरवाली गाडी जिथे पूर्ण थांबते, तिथे एकशेवीसवाली अजून ताशी पंचाहत्तरच्या पुढे असते. वीस किलोमीटरचा हा फरक पुण्याला पोचण्याच्या वेळेत दहा-पंधरा मिनिटांचाही पडत नाही. देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतल्या सुमारे ७१ टक्के मृत्यूंच्या नोंदीत कारण म्हणून अतिवेग लिहिला आहे.

मागच्या सीटवर बेल्ट लावायचा असतो, हे अनेकांना कळलं ते ४ सप्टेंबर २०२२ रोजी. पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. मागे बसलेले दोघेही गेले, त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. नियम आधीपासून होता, अंमलबजावणी नव्हती. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी सगळ्या प्रवाशांना बेल्ट सक्तीचा केला. त्याआधी आठ वर्षं, जून २०१४ मध्ये, गोपीनाथ मुंडे दिल्लीत मागच्या सीटवर बसलेले असतानाच अपघातात गेले होते. तेव्हाही हीच चर्चा झाली होती आणि विरली होती.

समृद्धी महामार्गाने आणखी एक अडचण समोर आणली. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. सरळसोट, मोकळा, मैलोन् मैल एकसारखा काँक्रीटचा रस्ता. डोळे उघडे राहतात पण लक्ष सुटतं, आणि तापलेल्या काँक्रीटवर जुना टायर फुटतो. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेल्या खासगी बसला आग लागली आणि २५ जण जळून गेले. ऑक्टोबरमध्ये वैजापूरजवळ उभ्या ट्रकवर टेम्पो ट्रॅव्हलर आदळून १२ भाविक गेले. प्रवेशद्वारांवर टायर तपासायला आणि वेग मोडणाऱ्यांचं समुपदेशन करायला परिवहन खात्याने सुरुवात केली ती मृत्यूंची संख्या वाढल्यावर. सातशे किलोमीटरच्या रस्त्यावर थांबे, शौचालयं, चहापाणी आधी आणि उद्‌घाटन नंतर, असा क्रम असायला हवा होता.

मोठ्या नावांमुळे आणि मोठ्या मार्गांमुळे एक गोष्ट झाकली जाते. देशात रस्त्यावर मरणाऱ्यांपैकी जवळपास ४५ टक्के दुचाकीवरचे असतात आणि साधारण पाचातला एक पायी चालणारा. २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण मेले, तर बेल्ट न लावलेले १६,७१५. त्याच वर्षी महाराष्ट्रातले मृत्यू पंधरा हजारांच्या वर होते. तरीही पुण्यात हेल्मेटसक्तीला विरोध करणारी कृती समिती आहे. २०१९ च्या जानेवारीत पोलिसांनी कारवाई सुरू करताच शहरात आंदोलनं झाली. सक्तीविरुद्धचा युक्तिवाद मी नीट वाचला आहे: शहरातला वेग कमी, खड्डे आधी बुजवा, मान दुखते. खड्ड्यांबद्दलचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे आणि तो लावून धरलाच पाहिजे. पण खड्ड्यात पडणाऱ्याचं डोकंही त्याच डांबरावर आपटतं.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातल्या कल्याणीनगरमध्ये भरधाव आलिशान गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी अल्पवयीन मुलाच्या हाती होती. जामीन देताना त्याला अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितलं गेलं. मग रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. लोकांचा संताप आठवडेच्या आठवडे टिकला, असं आपल्याकडे क्वचित घडतं. ब्रिटनच्या ब्रिजिट चौधरी यांना तीसहून अधिक वर्षांपूर्वी जो प्रश्न पडला होता, मेलेल्याच्या जिवाची किंमत न्यायालयात किती धरली जाते, तोच प्रश्न इथे घराघरांत विचारला गेला.

कायद्यात एक बदल मात्र नक्की झाला आहे आणि तो अजून पुरेशा लोकांना माहीत नाही. २००७ मध्ये दिल्लीत पीयूष तिवारी यांचा अल्पवयीन चुलतभाऊ अपघातानंतर रस्त्यावर पडून राहिला. पोलीस ठाण्याच्या खेपा माराव्या लागतील या भीतीने कुणी त्याला उचललं नाही. तिवारींनी २००८ मध्ये सेव्हलाइफ स्थापन केली आणि न्यायालयात लढा दिला. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांना संरक्षण दिलं, २०१९ च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ म्हणून आलं. जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही, साक्षीदार व्हायचं की नाही हे त्याने ठरवायचं, आणि दवाखान्याने त्याच्याकडे पैसे मागायचे नाहीत. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत विनारोकड उपचारही मिळतात. रस्त्यात कुणी पडलेलं दिसलं तर ११२ किंवा १०८ ला फोन लावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्याच्याजवळ थांबा. कायदा तुमच्या बाजूने आहे.