मुरगळलेला पाय आणि टॅलिनच्या घड्या

घोडबंदर रोडच्या एका टर्फवर बॉक्स क्रिकेट खेळताना माझ्या भाच्याचा पाय मुरगळला. घोटा बाहेरच्या बाजूने टम्म फुगला. रात्रीपर्यंत घरात तीन पक्ष पडले: आंबेहळदीचा लेप, कुणाकडून तरी ‘चोळून बसवून’ घेणं आणि महिनाभर पाय पलंगाखाली न उतरवणं. चौथ्या दिवशी फिजिओथेरपिस्टने त्याला चक्क उभं केलं, तेव्हा ताई माझ्यावरच उखडली. “पाय एवढा सुजलाय आणि ती बाई त्याला चालायला लावते!”

बाईंचं बरोबर होतं.

एक तर अशा दुखण्यात ‘बसवायला’ काही नसतंच. पाऊल आत वळलं की नडगीशेजारचं बारीक हाड आणि घोट्याचं हाड यांना बांधणारा अस्थिबंध (लिगामेंट) बहुधा आधी ताणतो किंवा फाटतो. हाडं जागेवरच असतात. हाड मोडल्याची शंका कधी घ्यायची? चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंना टेंगळासारख्या वर आलेल्या हाडांच्या मागच्या कडेवर दाबल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रे काढायचा. भाच्याला लंगडत का होईना, पावलं टाकता येत होती.

आता माझ्या आवडीचा भाग. फाटलेल्या जागी पहिले काही दिवस साफसफाई चालते, सूज ही तिचीच खूण. मग फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलॅजन या प्रथिनाचे धागे विणायला घेतात. आधी घाईघाईत, बारीक आणि वेडेवाकडे. पुढे महिनोन्‌महिने त्यांच्या जागी जाड, एका दिशेचे. पण ती दिशा कोणती, हे डोळे नसलेल्या पेशीला कसं कळतं?

ओढीवरून. पेशीच्या आवरणातून आरपार गेलेली इंटेग्रिन नावाची प्रथिनं बाहेर कोलॅजन धरतात आणि आत टॅलिन नावाच्या लांबट प्रथिनाला. टॅलिनचं दुसरं टोक पेशीच्या आतल्या सांगाड्याच्या ॲक्टिन धाग्यांत अडकलेलं. टॅलिनच्या दांड्यात तेरा घड्या असतात. साधारण 5 पिकोन्यूटन ओढ बसली की त्यातली सगळ्यांत कच्ची घडी उलगडते. शंभर ग्रॅमचं वजन म्हणजे ढोबळ एक न्यूटन, आणि त्याचे एक लाख कोटी भाग केले की एक पिकोन्यूटन! घडी घातलेल्या साडीची आतली नक्षी दिसत नाही, ती उलगडल्यावर दिसते. तसंच इथे घडीत दडलेली जागा उघडी पडते. तिथे विन्क्युलिन नावाचं आणखी एक प्रथिन येऊन चिकटतं, आणखी ॲक्टिन धागे बांधतं, पकड घट्ट होते. त्या धाग्यांवरून ओढ केंद्रकापर्यंत पोचते आणि कोणती जनुकं चालू ठेवायची, यावर परिणाम करते. पाय महिनाभर उशीवर ठेवला तर पेशीला ही ओढच मिळत नाही आणि नवे धागे कमजोर राहतात. फिजिओ देतात तो व्यायाम म्हणजे मापात दिलेली ओढ. फार लवकर, फार जास्त दिली तर विणलेलं पुन्हा उसवतं, म्हणून ते माप महत्त्वाचं.

विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणं ही चौकट 1978 साली डॉ. गेब मर्किन यांनी रूढ केली. पुढे बर्फ आणि संपूर्ण विश्रांतीबद्दलचं मत त्यांनी स्वतःच बदललं.

ताईच्या गुडघ्याचं गणितही फार वेगळं नाही. सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळतं आणि दाब पडून सुटला की त्याची ये-जा वाढते. गुडघे दुखतात म्हणून तिने तलावपाळीच्या फेऱ्या बंद केल्या, तिथेच चुकलं.

आपल्याकडे पाठीत उसण भरली की पायाळू माणसाकडून लाथ मारून घेतात. उसण बहुतेकदा काही दिवसांत आपोआप ओसरते, श्रेय लाथेला मिळतं. क्लिनिकमधल्या मशीनलाही कधीकधी असंच मिळतं, हे सांगायला हवं. मुरगळलेल्या घोट्यावर अल्ट्रासाउंडच्या (ध्वनिलहरींच्या) उपचाराचा म्हणण्यासारखा फायदा चाचण्यांमध्ये दिसलेला नाही.

भाचा सध्या दात घासताना दुखऱ्या पायावर उभा राहतो. अस्थिबंधातले संवेदक ‘पाऊल वाकडं पडतंय’ ही खबर देतात, आणि दुखापतीनंतर ही यंत्रणा मंदावते. तिची ही तालीम. पहिल्या दिवशी ताईने त्याला तसं पाहिलं आणि मला फोन केला, “याने कसला नवस बोललाय?”