काळ्या कुत्र्याचे डोळे कंदीलवाल्यालाच का दिसतात?

इंग्लंडच्या सफक परगण्यात लेस्टन नावाचा एक पडका मठ आहे. तिथल्या उत्खननात एका दांडग्या कुत्र्याची हाडं सापडली आणि २०१४ मध्ये तिकडच्या वर्तमानपत्रांनी आरोळी ठोकली: 'ब्लॅक शक' सापडला! मागच्या पायांवर उभा राहिला तर म्हणे सात फूट भरेल. अहो, कुत्रा कधी कुणी उभा करून मोजतं का? मठाच्या आवारात मोठा कुत्रा पुरलेला होता, एवढीच ती बातमी.

ब्लॅक शक म्हणजे नॉर्फक-सफकच्या आडवाटांवर रात्री भेटणारा भुताचा काळा कुत्रा. यॉर्कशरमध्ये त्याचा भाऊबंद बारगेस्ट, तर मॅन बेटावरच्या पील किल्ल्यात आणखी एक. शकची सगळ्यात गाजलेली हजेरी ४ ऑगस्ट १५७७ ची. त्या रविवारी भर वादळात तो बंगे गावच्या चर्चमध्ये शिरला आणि गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या दोघांच्या माना मुरगाळून गेला, असं अब्राहम फ्लेमिंगने छोट्या पुस्तिकेत लिहिलं. फ्लेमिंग तेव्हा लंडनचा. गावच्या दप्तरात मात्र त्या दिवशी वादळात घंटाघरात दोन माणसं दगावल्याची नोंद आहे, कुत्र्याचं नाव नाही. वीज पडली असणार. बंगेच्या वातकुक्कुटावर आजही काळा कुत्रा आहे, आणि त्याच्या पायाखाली वीज! त्याच दिवशी तो जवळच्या ब्लाइथबर्गच्या चर्चमध्येही गेला म्हणतात. तिथल्या दारावरचे जळके डाग म्हणजे त्याच्या नख्यांच्या खुणा, अशी समजूत आहे. दिसायला तशाच खुणा इंग्लंडमधल्या कितीतरी जुन्या घरांच्या लाकडांवर आहेत. ज्योत तिरकी धरून त्या मुद्दाम उमटवत, बहुधा आग आणि अरिष्ट दूर राहावं म्हणून. म्हणजे सैतानाला अडवायला केलेली खूण सैतानाच्याच नावावर जमा!

पण मला या कथांमध्ये खरा रस आहे तो डोळ्यांत. बशीएवढे, निखाऱ्यासारखे डोळे. काही कथांत तर कपाळावर एकच डोळा.

कुत्र्याचा डोळा स्वतः प्रकाश देत नाही, हे शाळेत शिकलेलं असतं. मग चमकतो कसा? डोळ्यातलं भिंग समोरून आलेला प्रकाश दृष्टिपटलावर एका ठिपक्यात गोळा करतं. आपल्याकडे त्या पडद्यामागे प्रकाश गिळणारा काळा थर आहे. कुत्र्याच्या डोळ्यात त्याच्या वरच्या भागात पडद्यामागे एक आरसा आहे: टॅपेटम ल्युसिडम. पडद्याच्या हातून निसटलेला प्रकाश या आरशावर आपटून पुन्हा पडद्यातून जातो, म्हणजे अंधुक उजेडात पेशींना तो टिपायची दुसरी संधी मिळते. त्या बदल्यात चित्र थोडं पुसट होतं.

हा आरसा धातूच्या पत्र्यासारखा नाही. पेशींचे अनेक थर, प्रत्येकीत जस्त असलेल्या सूक्ष्म काड्या ओळीने मांडलेल्या, आणि त्यांच्यातलं अंतर प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपासचं. वेगवेगळ्या थरांवरून परतलेल्या लाटा एकमेकींत मिसळतात. ज्या रंगाच्या लाटांची शिखरं जुळतात तो रंग उजळतो, बाकीचे विरतात. साबणाच्या फुग्यावर रंग खेळतात त्याच न्यायाने. बहुतेक कुत्र्यांचे डोळे म्हणून हिरवट-पिवळे चमकतात. काही निळ्या डोळ्यांच्या कुत्र्यांत हा आरसाच नसतो. त्यांच्या डोळ्यात मागच्या रक्तवाहिन्यांचा लाल रंग दिसतो, फ्लॅशच्या फोटोत आपले डोळे लाल येतात तसाच.

आता खरी गंमत. आरशावरून परतलेला प्रकाश त्याच भिंगातून बाहेर पडतो, आणि त्यामुळे जिथून आला तिथेच जातो. भोवती पसरतो तो फार तर काही अंशांच्या अरुंद शंकूत. म्हणजे ती चमक दिसायची तर तुमचा डोळा दिव्याजवळ हवा.

समजा नॉर्फकच्या वाटेवरचा माणूस खुसपुस ऐकून कंदील वर उचलतो. दिवा डोळ्यापासून ३० सेंटिमीटरवर, कुत्रा १० मीटरवर. कुत्र्याच्या जागेवरून दिवा आणि डोळा यांच्यामधला कोन भरतो १.७ अंश. डोळे चमकतात! दोन मीटर बाजूला उभ्या सोबत्यासाठी तोच कोन ११ अंशांहून जास्त, त्याला काहीच दिसत नाही. मग 'मला दिसलं, याला नाही' ही भुताची साक्ष तयार. कुत्रा जवळ येऊन २ मीटरवर पोचला की कंदीलवाल्याचाही कोन साडेआठ अंशांवर जातो आणि चमक विझते. 'जवळ आला आणि अंतर्धान पावला'! कुत्रा मान वळवून एका कुशीने उभा राहिला, तर डोळा एकच.

आणि तो काळाच का? माझा तर्क असा: पांढरा कुत्रा कंदिलाच्या उजेडात साधा कुत्राच दिसला असता. काळ्या अंगावरून उजेड फारसा परततच नाही. उरतात दोन ठिणग्या, आणि आजूबाजूला मापाला काहीच नसल्याने त्या केवढ्या, किती लांब, हे ठरवायचं काम भीतीकडे जातं. मेणबत्तीच्या कंदिलात त्या खरं तर फिकट ताऱ्याएवढ्याच असणार, बशी सांगणाऱ्याची.

कॉनन डॉयलने १९०१ मध्ये 'हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' ही शेरलॉक होम्सची कादंबरी लिहायला घेताना तिच्यातला भुताचा कुत्रा चमकावा म्हणून त्याच्या जबड्याला फॉस्फरस फासला. पांढरा फॉस्फरस हवेत मंद उजळतो हे खरं, पण तो विषारी आहे आणि तिशीच्या तापमानाला पेटतो. कुत्रं तोंड चाटणारच. होम्सने तो 'चलाखीने केलेला' लेप आहे म्हणून वेळ मारून नेली.

बारगेस्टच्याच यॉर्कशरमध्ये पर्सी शॉ नावाच्या माणसाने १९३४ मध्ये याच तत्त्वावर चालणाऱ्या वस्तूचं पेटंट घेतलं: रस्त्यात बसवायचे काचेचे 'कॅट्स आय'. हेडलाइट आणि ड्रायव्हरचा डोळा जवळजवळ असतात, म्हणून ते चालतं.

अमावास्येला कुत्र्याला 'ते' दिसतं म्हणणाऱ्या काकांना मी हा प्रयोग दाखवला. गल्लीच्या टोकाला आमचा काळू बसला होता. मोबाइलचा टॉर्च कानशिलाशी धरला, दोन हिरवे ठिपके. हात लांब केला, गेले. पुन्हा कानशिलाशी, आले. काका म्हणाले, "बरं, पण तो बघतोय कुणाकडे?" त्यांच्या हातातल्या बिस्किटाच्या पुड्याकडे.