रुबेला ‘आयजीजी पॉझिटिव्ह’ आला म्हणून घाबरून येणाऱ्यांसाठी

आमच्या लॅबला सगळ्यात जास्त फोन याच रिपोर्टसाठी येतात. सुनेला दिवस गेलेत, रिपोर्टवर ठळक अक्षरात ‘पॉझिटिव्ह’ आहे, आणि घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. पॉझिटिव्ह म्हणजे रोग, हे कोरोनापासून सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. आयजीजी म्हणजे ताप-पुरळ आणणाऱ्या रुबेलाच्या विषाणूशी लढायला रक्तात तयार होऊन टिकून राहणारा घटक (अँटीबॉडी), त्याचं तसं नसतं. आजार कधीतरी येऊन गेला किंवा लस लागू पडली, एवढंच तो सांगतो, आणि बहुतेक वेळा ती चांगलीच बातमी असते. नोव्हेंबर २०१८ मध्ये शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची लस टोचली गेली. तेव्हाच्या सातवी-आठवीतल्या पोरी आता फाईल घेऊन आमच्या बाकावर बसतात. त्यांचा आयजीजी पॉझिटिव्ह यायलाच हवा.

नुकतीच झालेली लागण आयजीएम दाखवतो, म्हणजे लागणीनंतर सुरुवातीला तयार होणारी अँटीबॉडी. पण तोही एकटा पुरत नाही. पुरळ उठल्या उठल्या तपासला तर निगेटिव्ह येऊ शकतो, आणि कधी भलत्याच आजारात पॉझिटिव्ह येतो.

आता खरी अडचण. लोक रिपोर्ट आणतात, तारखा आणत नाहीत. शेवटची पाळी कधी आली आणि ताप-पुरळ कधी आलं, या दोन तारखांशिवाय त्या कागदाचा अर्थ डॉक्टरांनाही लावता येत नाही. पहिल्या १२ आठवड्यांत आईला रुबेला झाला तर १०० पैकी ९० पर्यंत बाळांना इजा होऊ शकते: मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयाचा दोष. तोच आजार २० आठवड्यांनंतर झाला तर हा धोका फारच कमी. काउंटरवर सासूबाई म्हणतात पुरळ पोळ्याच्या आधी आलं, सून म्हणते नंतर. तेही चालेल, पोळा कधी होता ते आम्ही कॅलेंडरवर बघतो. पण ‘मागं कधीतरी’ म्हणू नका.

दुसरी गोष्ट रिपोर्टवरच्या आयजीजीच्या आकड्यांची. एक रिपोर्ट कारखान्यावर ऊसतोडीला असताना केलेला, दुसरा गावी, तिसरा माहेरी, आणि मग विचारतात आकडा वाढला का. वेगवेगळ्या लॅबचे किट वेगळे, त्यामुळे त्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. लागण नुकतीच झाली का अशी शंका असेल तर दोन ते तीन आठवड्यांच्या अंतरानं दोन सॅम्पल घेऊन एकाच वेळी, एकाच मशीनवर लावावी लागतात. त्यासाठी आम्ही पहिली ट्यूब नाव-तारीख टाकून फ्रीजरमध्ये जपून ठेवतो. दुसऱ्या वेळी तुम्ही दुसरीकडे गेलात तर ती ट्यूब वाया जाते.

डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आम्ही टॉर्च पॅनेल (रुबेलासकट गर्भाला बाधू शकणाऱ्या काही संसर्गांची एकत्र रक्ततपासणी) करत नाही. यावरून नाराज होऊन लोक बाजूच्या गल्लीत जातात, जाऊ देत. एकदा गर्भपात झाला म्हणून ही महागडी तपासणी करायची, हा पैशाचा अपव्यय आहे. त्यातून सहसा हाती काही लागत नाही, उलट आयजीजी पाहून पुढचे महिने झोप उडते.

जी तपासणी टाळूच नये ती हेपॅटायटिस बीची, म्हणजे एचबीएसएजी. आई ठणठणीत दिसते, कावीळ नसते, तरी बाळंतपणात विषाणू बाळाकडे जातो, आणि जन्मतः लागण झालेल्या १० पैकी ९ बाळांत तो कायमचा ठाण मांडतो. आधी कळलं तर उपाय सोपा आहे: २४ तासांच्या आत बाळाला लस, सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन. हे इंजेक्शन तालुक्याला ऐनवेळी मिळेलच असं नाही, म्हणून रिपोर्ट सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत डॉक्टरांच्या हातात हवा. हा आणि एचआयव्हीचा रिपोर्ट आम्ही व्हॉट्सॲपवर पाठवत नाही, शेजारणीच्या मोबाईलवर तर नाहीच. स्वतः या. सरकारी दवाखान्यात या तपासण्या फुकट झाल्या असतील तर आमच्याकडे परत करू नका, नुसता कागद दाखवा.

रुबेला आयजीजी निगेटिव्ह आला तर गरोदरपणी लस घ्यायची नाही, बाळंतपणानंतर घ्यायची. आणि टँकरचं पाणी उकळूनच प्या. पाण्यातून येणारी हेपॅटायटिस ई ही कावीळ शेवटच्या महिन्यांत आईच्या जिवावर बेतते. डोळे पिवळे दिसले तर आधी दवाखाना गाठा, लॅब नंतर.

दिवस भरत आलेल्या बाईचं सॅम्पल गावात असाल तर आम्ही घरी येऊन घेतो. दुसऱ्या सॅम्पलची आठवण करून देणारा फोनही आमच्याकडूनच येतो. त्यासाठी नंबर घरच्या बाईचा द्या. जावईबापूंचा दिला तर ते बहुतेक वेळा उचलत नाहीत.